अकरा बेचाळीसची हळद

१

तक्रार क्रमांक तीनशे अठरा सोमवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी नाहीशी झाली. ती तक्रारींच्या फाइली सांभाळणाऱ्या तेजस मढवीने पुसली, याबद्दल नवी मुंबईतल्या पावणे गावच्या त्या कचेरीत कुणालाच शंका नव्हती. फक्त तेजसला होती.

मंगळवारी दहा वाजता मिस्बाह मुकादम तिथे पोचली, तेव्हा त्याचं बडतर्फीचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलेलं होतं. सही तेवढी बाकी होती.

कचेरी एका संघाची. औद्योगिक वसाहतीतल्या दीडशे कारखान्यांचं सांडपाणी एका ठिकाणी आणायचं, शुद्ध करायचं आणि मग खाडीत सोडायचं, हे संघाचं काम. एखादा कारखाना चोरून नाल्यात पाणी सोडत असेल तर गावकरी संघाच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवीत. तीनशे अठरा नंबरची तक्रार बायजाबाईची. खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारी ही म्हातारी गेले सात महिने एका रंगाच्या कारखान्याच्या मागे लागली होती. आज दुपारी चार वाजता बेलापूरला त्या तक्रारीची सुनावणी होती, आणि फाइलच जागेवर नव्हती.

"काम दोन ओळींचं आहे," मालतीबाई जगदाळे म्हणाल्या. त्या संघाच्या मुख्य अधिकारी. चष्मा साखळीला अडकवलेला, टेबल आरशासारखं स्वच्छ. "लॉगिन कुणाचं, कॉम्प्युटर कुणाचा, वेळ काय. तुमच्या कंपनीच्या कागदावर एवढं लिहून द्या. सुनावणीत जोडायला लागतं. नाहीतर उद्या म्हणतील, कचेरीनेच फाइल दाबली."

मिस्बाहचं काम वेबसाइटींमधली भोकं शोधण्याचं. महाप्याच्या एका लहान कंपनीत ती हे गेली आठ वर्षं करत होती. लोक तिला सहसा शोधायला बोलावीत. आज पहिल्यांदाच कुणी नुसतं लिहून द्यायला बोलावलं होतं.

"त्याला भेटू शकते?"

"भेटा. पण रडतो तो."

तेजस रडत नव्हता. बाहेरच्या खोलीत, बंद कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा, डोळे लाल.

"ताई, मी नाय पुसली," तो म्हणाला. "आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, सगळं माझ्याच विरुद्ध हाय. पासवर्ड कुणालाच माहीत नाय. काल साडेअकरा ते बारा मी ह्याच खुर्चीत होतो. उठलोच नाय. दुसऱ्या कुणी हात लावला नाय."

"मग?"

"मग काय. गावात कालपासून बोलतायत, देवजीचा पोरगा कारखानदाराला विकला गेला. नोकरी जाईल तर जाईल, ताई. पण मला गावात राहायचंय."

शेजारच्या टेबलावरून उन्नती भोईर, डेटा भरणारी मुलगी, टाइप करता करताच म्हणाली, "खरंय ते. हा उठतच नाही. आग लागली तरी आधी लॉगआउट कसं करायचं ते विचारेल."

मिस्बाहने कॉम्प्युटर चालू केला. दार आतून बंद, आत एकच माणूस, आणि तो म्हणतो मी नाही. असा गुंता तिच्या वाट्याला आजवर आला नव्हता. तिने ओढणीची पिन नीट केली. आतून उकळी फुटली की तिचा हात तिथेच जाई.

२

वेबसाइटला प्रत्येक पावलाची नोंद ठेवायची सवय असते. कोण आलं, केव्हा आलं, काय मागितलं, कुठल्या पानावरून आलं. मिस्बाहने शुक्रवार ते सोमवारची नोंद काढली आणि प्रिंटला टाकली. प्रिंटर बाहेर कुठे दिसेना.

"मॅडमच्या केबिनमध्ये," उन्नतीने सांगितलं. "कागद वाया जातो म्हणून आत नेऊन ठेवलाय."

मालतीबाईंनी प्रिंटरच्या तोंडातून पानं उचलून, कडा जुळवून तिच्या हाती दिली. "इथले सगळे कागद माझ्या हातावरूनच जातात," त्या म्हणाल्या. "मिळाली ना वेळ? अकरा बेचाळीस?"

"मिळाली."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. मिस्बाह खिडकीपाशी उभी राहून पानं वाचू लागली. तेजस शुक्रवारी एक जुनी तक्रार रीतसर पुसत होता, त्याच्या चार ओळी होत्या. यादी उघडली. तक्रार उघडली. 'पुसा' दाबलं. 'खात्री आहे का?' ला 'होय' म्हटलं. माणूस घरात शिरतो तो अंगणातून, ओट्यावरून, उंबऱ्यावरून.

सोमवारी अकरा बेचाळीसला एकच ओळ होती. तीनशे अठरा पुसा. ना यादी उघडली, ना तक्रार, ना खात्री. त्याआधीची तेजसची शेवटची ओळ दहा अठ्ठावन्नची. पाऊण तास त्याने वेबसाइटला हातही लावलेला नव्हता. अंगण नाही, ओटा नाही, माणूस एकदम माजघरात.

तिचं बोट उजवीकडच्या शेवटच्या रकान्याकडे सरकलं. कुठल्या पानावरून आलं? वरच्या प्रत्येक ओळीत संघाच्या स्वतःच्या वेबसाइटचं नाव होतं. खालच्या प्रत्येक ओळीतही तेच.

अकरा बेचाळीसच्या ओळीत भलतंच नाव होतं. फुकटात लग्नपत्रिका बनवून देणाऱ्या एका वेबसाइटचं.

३

"लग्न कुणाचं आहे?" मिस्बाहने विचारलं.

तेजस गोंधळला. "कुणाचं?"

"तेच विचारतेय. काल सकाळी पत्रिका आली होती कुणाची?"

"पत्रिका?" तो आठवू लागला. "हां. करावे गावचे घरत. हळदीची. पण ते कामाचं नव्हतं ताई. तुम्ही काम विचारलंत."

उन्नतीने टाइप करणं थांबवलं. "याच्या घरचा नियम ऐका. पत्रिका मोबाइलवर आली तर यांच्या बाबांना ती पत्रिका वाटतच नाही. कागद पाहिजे. कागद गावदेवीपुढे ठेवायचा, मगच लग्नाला जायचं. त्यामुळे हा येईल ती पत्रिका इथे कॉम्प्युटरवर उघडतो आणि छापतो. सीझनमध्ये आमची कचेरी म्हणजे छापखाना."

"मॅडम ओरडत नाहीत?"

"एकदा म्हणाल्या होत्या, देवाचं काम आहे, असू दे."

"निमंत्रण आलं आणि न बघता टाकून दिलं असं आमच्यात करत नाय," तेजस म्हणाला. "ओळखीचं असो नसो. घरत म्हणजे कुणीतरी लांबचे पाव्हणे असतील, असं समजलो."

"नंबर दाखव."

त्याने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. अनोळखी नंबर. संदेशाच्या जागी 'हा संदेश पुसण्यात आला' एवढंच. मिस्बाहने लग्नपत्रिकांची वेबसाइट उघडून घरतांचं नाव शोधलं. असं पान अस्तित्वात नाही, उत्तर आलं.

ज्याने कुणी हे केलं होतं, त्याने मागची पावलं पुसून टाकली होती. अकरा वाजले होते. सुनावणीला पाच तास.

"तेजस, तू छापलेला कागद?"

"बाबांकडे दिला. संध्याकाळीच."

मिस्बाह तोवर स्कूटरची किल्ली शोधू लागली होती.

४

देवजी मढवी ओट्यावर चटई टाकून बसले होते. वय सत्तरीचं, कानात बाळी. पोराच्या मागून आलेल्या बाईला बघून त्यांनी आतून पाणी मागवलं.

"ये बाय, बस. पोराचं काय झालं?"

"बाबा, कालची पत्रिका कुठंय?" तेजसने विचारलं.

"देवीपुढं ठेवलीच नाय," म्हातारा म्हणाला आणि उशीखालून घडी केलेला कागद काढला. "मी तं कालपासून डोकं खाजवतोय. ह्यो घरत कोन? करावे गावचा येकयेक घरत मला म्हाईत हाय. ही पत्रिका आपल्यातली नाय."

"कशावरून?" मिस्बाहने विचारलं.

"वाच ना. हलद सकाली धा वाजता. आमच्यात हलद रातची असते गं, लग्नाच्या आदल्या रातीला. सकाली धाला हलद लावून काय हापिसात जायाचाय नवरा? वरती एकवीरा आईचं नाव नाय. आनि निमंत्रक किती, तं दोन. आमच्या पत्रिकेत भावकीतला येक जरी राहिला ना, तं मांडवात मारामारी व्हते." त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "आनि ह्यो बघ तिसरा पाव्हना. ह्याचं नाव काय, 'चाचनी चित्र चार'. हे कसलं नाव?"

मिस्बाहने कागद हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरने आपणहून छापलेली तारीख आणि वेळ होती: सोमवार, अकरा बेचाळीस. तळाला पानाचा पूर्ण पत्ता. आणि पत्त्याच्या वर एक बारीक चौकट, चित्र उघडलं नाही की दिसते तशी, तिच्याशेजारी अक्षरं: चाचणी चित्र ४.

गावदेवीसाठी म्हणून छापलेल्या कागदाने गुन्हेगाराचं हत्यारच जसंच्या तसं धरून ठेवलं होतं.

"तेजस, तुला सांगते काय झालं ते," ती ओट्यावर टेकली. "तू सकाळी एकदा लॉगिन करतोस. मग दिवसभर?"

"चालूच असतं. सारखा ओटीपी कोण मागवणार."

"लॉगिन केलंस की वेबसाइट तुझ्या ब्राउझरला एक बिल्ला देते. त्यानंतर वेबसाइट तुझा चेहरा बघत नाही, बिल्ला बघते. आता ही पत्रिका उघडलीस. पत्रिकेत एक ओळ लपवलेली होती: अमुक पत्त्यावरून एक चित्र आण. ब्राउझर बिचारा सांगकाम्या. तो चित्र आणायला गेला. पण तो पत्ता चित्राचा नव्हताच. तो होता संघाच्या वेबसाइटवरचा, 'तीनशे अठरा पुसा' असा. ब्राउझर तिथे गेला, तुझा बिल्ला छातीवर लावूनच गेला. वेबसाइटने बिल्ला बघितला आणि फाइल पुसली. चित्र मिळालं नाही, म्हणून ही रिकामी चौकट उरली."

तेजसने रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "म्हणजे पुसली मीच."

"तुझ्या हातून पुसून घेतली. दोन्हींत फरक आहे. तो फरक मला चारच्या आत कागदावर दाखवायचाय."

"कोनी केलं?" देवजींनी विचारलं.

"तुमच्यातलं नाही, एवढं तुम्हीच सांगितलंत," मिस्बाह म्हणाली. "बाकीचं मी शोधते."

५

वेबसाइट बनवणारा जयप्रकाश जळगावचा. महाप्याला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोन टेबलं भाड्याने घेऊन तो काम करी. सहा महिन्यांतून एकदा पावण्याला फिरके.

"साइट एकदम मस्त चालतेय, मॅडम," तो म्हणाला. "चार वर्षांत एकदाही बंद नाही."

"बॅकअप?"

"आहे ना." मग जरा थांबून, "मार्चपर्यंतचा."

"तक्रार एप्रिलची आहे."

जयप्रकाशने खुर्ची मागे सरकवली. मिस्बाहने त्याला पत्रिका दाखवली, नोंद दाखवली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"नवे ब्राउझर असला बिल्ला परक्या पानावरून पाठवत नाहीत," ती म्हणाली. "ती अट कुणी सैल केली?"

"मीच केली. संघाची साइट दुसऱ्या एका साइटच्या आत दाखवायची होती, चालेना. म्हणून." तो कपाळ चोळू लागला. "पण मॅडम, हे भोक आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. दोन वर्षांपूर्वी बाहेरून तपासणी झाली होती. मीच त्यांना लॉगिन काढून दिलं. मग जगदाळे मॅडम म्हणाल्या, सगळं ठीक आहे, काही करायचं नाही."

"अहवाल पाहिलास?"

"कुठे. मला कोण देतंय."

महाप्यात हे काम करणारी माणसं मोजकीच. तिसऱ्या फोनला मिस्बाहला हवा तो आवाज मिळाला: नदीम, तिच्याच वर्गातला, ती तपासणी करणारा.

"सगळं ठीक?" नदीम फोनवर हसला. "अगं, अकरा भोकं लिहून दिली होती मी. नमुन्यासकट. अहवाल कुणाला दाखवायचा तर संघाच्या परवानगीशिवाय नाही हं."

"तू दाखवू नकोस. एकच सांग. नमुन्यात चित्राची ओळ होती?"

"होती की. पान नऊ. ती ओळ जशीच्या तशी दुसऱ्या पानात टाकून फक्त तक्रारीचा नंबर बदलायचा. कुणालाही जमेल असं मुद्दाम लिहिलं होतं, म्हणजे गांभीर्य कळावं."

"त्या चित्राला नाव काय दिलं होतंस?"

"चाचणी चित्र चार. का?"

"अहवाल किती जणांना दिलास?"

"एकच प्रत. बंद पाकिटात. मुख्य अधिकाऱ्यांच्या हातात."

फोन ठेवल्यावर ती दोन घोट पाणी प्यायली. गुन्हेगार सापडला होता, पण फाइल नव्हती. नुसत्या गुन्हेगाराने बायजाबाईचं नाला-प्रकरण उभं राहणार नव्हतं, आणि गाव तेजसवर विश्वास ठेवणार नव्हतं.

"जयप्रकाश, बायजाबाईने तक्रारीला फोटो जोडले होते. ते कुठे जातात?"

"वेगळ्या फोल्डरमध्ये." त्याने मान वर केली. "अरे हो. फोल्डर मी कधी पुसतच नाही. 'पुसा' दाबलं की फक्त यादीतली ओळ जाते. फोटो तसेच पडून राहतात."

"पत्ता सांग."

त्याने सांगितला. मिस्बाहने तो स्वतःच्या लॅपटॉपवर टाइप केला. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. तीनशे अठरा, मग एक आडवी रेघ, मग एक.

पडद्यावर नाला उघडला. जांभळ्या रंगाचा. त्यात पालथी पडलेली मासळी.

दोन. तीन. चार. फोटोंमागून बायजाबाईचे अंगठे उमटवलेले अर्ज आले, उन्नतीने स्कॅन केलेले. मग पाहणीचे शेरे. एकूण एकेचाळीस कागद.

"जगातला कुणीही हे असं बघू शकतो," ती म्हणाली. "सात महिने बघू शकत होता. तुझ्या एका भोकातून फाइल गेली आणि दुसऱ्यातून परत आली. नशीब म्हण. आता दोन्ही बुजव. आत्ता, माझ्यासमोर. तोवर फाइल परत चढवायची नाही. गळक्या हंड्यात पाणी भरून काय उपयोग?"

साडेबारा ते अडीच दोघं जागची हलली नाहीत. नुसता पत्ता उघडून काहीही पुसलं जाणार नाही, असं जयप्रकाशने आधी केलं. मग पुसण्याच्या प्रत्येक अर्जासोबत वेबसाइटने स्वतः दिलेला एक गुप्त आकडा असल्याशिवाय अर्ज स्वीकारायचा नाही, हे दुसरं. तो आकडा लॉगिनगणिक निराळा, परक्या पानाला तो कळणं शक्य नाही. बिल्ल्याची सैल केलेली अट पुन्हा आवळली. फोटोंच्या फोल्डरला दार बसवलं: आधी लॉगिन, मग ही फाइल बघायचा तुला हक्क आहे का हा प्रश्न, मगच फोटो. आणि पुसलेलं काहीही नव्वद दिवस बाजूला ठेवायचं. मिस्बाहने जुनी पत्रिका पुन्हा बनवून सहा वेळा हल्ला करून पाहिला. सहाही वेळा वेबसाइटने नकार दिला. सातव्यांदा जयप्रकाशने स्वतः करून पाहिला आणि नकार आल्यावर लहान मुलासारखा हसला.

मग फाइल परत चढवली, आणि एकेचाळीस कागद छापून मिस्बाहने ते वाचले. पाहणीच्या शेऱ्यांपाशी ती थांबली. तिथे तीन सह्या होत्या. एकाच माणसाच्या.

६

तीन वाजता मालतीबाईंच्या केबिनमध्ये चौघं होती. तेजस दाराशी, उन्नती त्याच्या मागे. मालतीबाईंनी पेन हातात घेतलं होतं.

"आणलात अहवाल?"

"आणलाय. दोन ओळींपेक्षा मोठा झाला." मिस्बाहने हळदीची पत्रिका टेबलावर ठेवली. "फाइल या पत्रिकेने पुसली. तेजसने ती उघडली, त्यापलीकडे त्याचा हात नाही. नोंदीत तसा पुरावा आहे. प्रश्न होता, पत्रिका कुणी बनवली."

मालतीबाईंनी पत्रिकेकडे बघितलं नाही.

"ज्याने बनवली त्याला माहीत होतं की तेजस पत्रिका याच कॉम्प्युटरवर उघडतो. मोबाइलवर उघडली असती तर काहीच झालं नसतं, तिथे त्याचं लॉगिन नाही. ही सवय कचेरीतल्या माणसालाच ठाऊक. जयप्रकाश इथे फिरकत नाही. शिवाय त्याला फाइल गायब करायची असती तर त्याने फोटो मागे ठेवले नसते. फोल्डर पुसला जात नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही."

"फोटो?" मालतीबाई म्हणाल्या.

"येते तिकडे. राहिली कचेरीतली माणसं. उन्नतीला सवय माहीत होती."

"मी?" उन्नती दारातून म्हणाली. "मी घणसोलीची भोईर आहे, ताई. सकाळी दहाला हळद ठेवली असती तर माझ्या आजीने मला जेवायला घातलं नसतं."

"तेच. ही पत्रिका तुमच्यासारख्या इथल्या आगरी माणसाने लिहिलेली नाही. लिहिणाऱ्याच्या गावाकडे हळद सकाळी लागते. तुमचं गाव कुठलं, मॅडम?"

"फलटण." उत्तर आपसूक आलं. मग त्या म्हणाल्या, "महाराष्ट्रात निम्म्या घरांत हळद सकाळी लागते, मुकादम. एवढ्यावर माझ्यावर आळ घेणार?"

"नाही. एवढ्यावर नाही घेणार." मिस्बाहने पत्रिकेच्या तळाशी बोट ठेवलं. "चाचणी चित्र चार. हे शब्द दोन वर्षांपूर्वीच्या तपासणी अहवालात पान नऊवर आहेत. त्या अहवालाची एकच प्रत निघाली. बंद पाकिटात तुमच्या हातात दिली. जयप्रकाशला तुम्ही सांगितलंत, सगळं ठीक आहे."

मालतीबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला.

"मला ती ओळ नुसती उतरवायची होती," त्या म्हणाल्या. "नाव काढायचं असतं हे माहीत नव्हतं."

"आणि हे कशासाठी?" मिस्बाहने तीन शेरे पुढे केले. पाहणी केली, नाल्यात दोष आढळला नाही. तीन तारखा, तीन सह्या. प्रत्येक शेऱ्याखाली तिने त्याच तारखेचा बायजाबाईने जोडलेला फोटो लावला होता. तिन्ही फोटोंत पाणी जांभळं.

मालतीबाईंनी ते फोटो पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघितले. कदाचित पहिल्यांदाच.

"मी गेलेच नाही तिकडे," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. चिखल, वास, गुडघे दुखतात. कारखान्याने फोनवर सांगितलं सगळं ठीक आहे. मी लिहिलं सगळं ठीक आहे. मला कुणी काही दिलेलं नाही, हे लिहून घ्या. अकरा महिने राहिलेत निवृत्तीला. सुनावणीत हे तीन कागद निघाले असते तर."

"आणि माझं?" तेजसने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, माझं काय?"

"तुला दुसरीकडे लागली असती नोकरी. तरुण आहेस."

"गाव दुसरं कुठून मिळणार होतं?"

मालतीबाईंनी बडतर्फीचं पत्र उचललं, दोनदा फाडलं, तुकडे ठेवायला जागा शोधली आणि शेवटी हातातच धरून बसल्या.

"साडेतीन झाले," उन्नती म्हणाली. "बेलापूर इथून अर्धा तास आहे. सिग्नल लागले तर पाऊण."

७

बेलापूरच्या त्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुनावणी होती. एका बाजूला कारखान्याचा वकील, हसतमुख, कारण फाइल हरवल्याचं त्याला कालच कळलं होतं. दुसऱ्या बाजूला बायजाबाई, नऊवारीत, पाय खुर्चीवर वर घेऊन. तिच्यामागे गावातली पंधरा-वीस माणसं. देवजीही होते, पण सगळ्यांपासून दोन खुर्च्या सोडून. कालपासून शेजारी बसायला कुणी आलं नव्हतं.

मालतीबाई आल्या आणि मान खाली घालून कडेला बसल्या. मिस्बाहने आपला अहवाल आणि गठ्ठा कारकुनाच्या हाती दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं काम संपलं होतं. तरी ती निघाली नाही.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी अहवाल वाचायला वेळ घेतला. एकदा वाचला. मालतीबाईंकडे बघितलं. पुन्हा वाचला. मग जांभळ्या पाण्याचे फोटो एकेक करून टेबलावर मांडले. वकिलाचं हसू तिसऱ्या फोटोपर्यंत टिकलं.

"मुख्य अधिकारी यावर काही बोलणार आहेत?"

मालतीबाई उठल्या. "अहवालात आहे ते खरं आहे," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मागे कुजबुज उठली. बायजाबाई वळून देवजींकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून पाय खाली घेतले, उठली, आणि मधल्या दोन रिकाम्या खुर्च्यांपैकी एक ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मूळ नोंदीची खात्री करायची आहे," अधिकारी म्हणाले. "ही फाइल कचेरीत कुणाच्या ताब्यात असते?"

तेजस दाराशी उभा होता, आत यावं की नाही हे न ठरवलेला. त्याने गावाकडे बघितलं. एकेक चेहरा बघितला. मग तो चालत टेबलापर्यंत आला.

"माझ्या," तो म्हणाला. "तेजस देवजी मढवी. विचारा काय विचारायचं ते."